यादी कोणाच्या हातीं?

हल्लीं आमच्या सुशिक्षित मंडळींत एक नवा शोक रूढ होऊं पाहत आहे. व्याख्यानमालांतून, दिवाळी अंकांतून आणि जेवणानंतरच्या सुपारीबरोबर तो आमच्या कानीं पडतो. शोकाचा विषय असा कीं, मनुष्याची स्मरणशक्ति बुडाली! आमच्या आज्यांना म्हणे अक्षरओळख नव्हती. पण आठवड्याच्या बाजारांतून काय काय आणावयाचें तें सर्व त्यांच्या जिभेवर असे, मिठापासून मोहरीपर्यंत एक जिन्नस चुकत नसे. आणि आज त्यांच्या पदवीधर नातींना हातांत कागद किंवा मोबाईल असल्यावांचून वाण्याची पायरी चढतां येत नाहीं, आणि चढून उतरल्यावरहि हिंग राहिला तो राहिलाच! कागदानें बुद्धि पांगळी केली आणि यंत्रानें तिच्या कुबड्याहि काढून घेतल्या, असें या शोकाचें पालुपद असतें. तें आळविणाऱ्यांत कांहीं आमचे स्नेही आहेत, कांहीं एके काळचे विद्यार्थी आहेत, आणि झाडून सारे पुरुष आहेत. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें पडणार आहे.

आमचें म्हणणें असें कीं, हा शोक अज्ञानमूलक आहे. आणि तें अज्ञान निरुपद्रवी असतें तर आम्हीं लेखणी उचललीच नसती. आजीच्या स्मरणशक्तीची आरती ओवाळणारे लोक, नकळत का होईना, एका जुन्या ताबेदारीची आरती ओवाळीत आहेत. घरांत काय संपलें, किती आणावयाचें आणि त्याचे पैसे किती झाले, हें ज्याच्याजवळ लिहिलेलें असतें तो धनी होतो. ज्याच्या केवळ तोंडीं असतें तो कुळ होतो. हा सिद्धांत आम्हीं कोणा पाश्चात्त्य पंडितापासून उसना घेतलेला नाहीं. तो शिरूर तालुक्याच्या मातींतला आहे, आणि तो कसा हें दाखविण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

प्रथम या तक्रारीचें वय पाहूं. ती मुळींच नवी नाहीं. प्लेटोच्या ‘फीड्रस’ नामक संवादांत एक मिसरी कथा आहे. थ्यूथ नांवाचा देव आपली लेखनविद्या घेऊन थामस राजाकडे जातो व हें स्मृतीचें औषध आहे अशी तिची भलावण करितो. राजा तिला नांवें ठेवतो. त्याच्या मतें लोक बाहेरच्या खुणांवर विसंबून राहतील आणि आंतून आठवण्याचें सोडून देतील. आमच्याकडेहि पुस्तकांतली विद्या आणि परक्याच्या हातीं गेलेलें धन यांना एका पंक्तीस बसविणारें सुभाषित शाळकरी मुलांस पाठ असे. थामस राजाचें हें मत आम्हांस कळतें तें प्लेटोनें तें लिहून ठेविलें म्हणून, ही गंमत क्षणभर बाजूस ठेवूं. पठणाची थोरवी आम्हांस मान्य आहे. ज्या केंदूर गांवाच्या अनुषंगानें आम्ही हें लिहीत आहों तेथें तर संत कान्होराज पाठक यांची समाधि आहे. गांवच्या सर्वांत थोर पुरुषाच्या आडनांवांतच पाठ आहे. परंतु मंत्र आणि वाणसामान यांत एक भेद आहे. मंत्र काल जो होता तोच आज असतो आणि उद्यांहि तोच राहावयाचा. त्यांतला स्वर हलला तर दोष. घरचें सामान दर आठवड्यास पालटतें. या खेपेस गूळ संपला, तर पुढच्या खेपेस तेल. पाहुणे आले कीं साखर दुप्पट, एकादशी आली कीं भगर आणि शेंगदाणे. जें पालटतें तें पाठ कसें करावयाचें? पाठ झालेली मागच्या आठवड्याची यादी ही तर या आठवड्याच्या यादीची वैरीण. ‘मीठ सांगितलें होतें’ असें पक्कें आठवतें खरें, पण तें आजचें कीं गेल्या बाजारचें हें आठवत नाहीं. घनपाठी ब्राह्मणाच्या घरचेंहि मीठ घनपाठाच्या जोरावर येत नसे.

आतां ती आजी. तिच्या घरांत डोकावल्याखेरीज तिच्याविषयीं बोलण्याचा अधिकार कोणास नाहीं. केंदूर हें पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत, शिक्रापूर आणि पाबळ यांच्या दरम्यान वसलेलें गांव. पावसाची ओढ असलेला, ज्वारी-बाजरीवर जगलेला हा टापू. येथील कुणब्याच्या घरीं दोन-तीन पिढ्यांपूर्वीं विकत आणावयाच्या वस्तु होत्या तरी किती? बाजरी शेतांतली, हुलगे-मटकी उतरंडींत, दूध गोठ्यांतलें. मिरची वर्षाची एकदांच घेऊन ठेवलेली. मडकीं कुंभाराचीं, वहाणा चांभाराच्या, आणि त्यांचा मोबदला खळ्यावर बलुत्यानें. उरलें काय? मीठ, तेल, गूळ, चहापत्ती, घासलेट, काड्यापेटी, हळद, खोबरें, सुपारी-तंबाखू, धुण्याचा साबण. दहा जिन्नस, फार तर बारा. जॉर्ज मिलर नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत असें मांडलें कीं, माणसास एका वेळीं मनांत धरून ठेवतां येणाऱ्या सुट्या गोष्टी सुमारें सात, दोन अधिक वा दोन उणें. पुढच्या संशोधकांनीं तर हा आंकडा चाराच्या आसपास आणून ठेविला. आजीचे जिन्नस या मर्यादेच्या फार पलीकडे नव्हते. पुण्यांतल्या एखाद्या मध्यम स्थितीच्या घरचा महिन्याचा किराणा मात्र आज चाळीस जिन्नसांच्या खालीं क्वचितच उतरतो. नातीची बुद्धि रोडावलेली नाहीं. यादी फुगलेली आहे.

बरें, ते दहा-बारा तरी आजी कसे आठवी? तिनें मनांत कांहीं जपमाळ ओंवलेली नव्हती. ती फळीपाशीं जाऊन उभी राही. डाव्या कोपऱ्यांतला डबा हलवून आवाज ऐके, बरणी तिरपी करून तळ पाही, आणि अशी ओळीनें शेवटच्या गाडग्यापर्यंत जाई. मागाहून आठवण्याचा प्रसंग आला तर डोळे मिटून तीच फळी पुन्हां पाही. वस्तु ठराविक जागीं कल्पून जागेवरून ती आठवण्याची जी युक्ति सिसरोनें सिमोनिडीस या ग्रीक कवीच्या नांवावर नमूद केली आहे, ती हीच. युरोपांतील वक्त्यांनीं तिचें शास्त्र केलें. आमच्या आजीला ती नुसती फळी होती. पण ही फळी म्हणजे काय, याचा विचार करा. ती डोक्याच्या बाहेर आहे, ओळीनें मांडलेली आहे आणि वाचतां येते. तिला यादी म्हणूं नये तर काय म्हणावें?

केंदुरांत आम्हीं एक वृद्ध बाई पाहिली होती. ती आतां हयात नाहीं. बाजारास निघालेल्या नातवाच्या हातीं पिशवी देतांना ती तींत तेलाची रिकामी बाटली, काड्यापेटीचें मोकळें खोकें, साबणावरचा कागद, चहाच्या पुडीचा दोरा असें एकेक टाकी. पोरानें दुकानांत जाऊन पिशवी उपडी करावयाची, आणि वाण्यानें एकेक चीज उचलून तिच्या जागीं भरलेली ठेवावयाची. अक्षर एकहि नाहीं, पण चुकीला जागाहि नाहीं. मीठ तेवढें राहून जाई, कारण सुट्या मिठाचें मागें कांहींच उरत नसे; म्हणून मिठासाठीं ती पिशवीच्या बंदाला गांठ मारी. दुधाच्या रतिबाचा हिशेब बायका भिंतीवर चुन्याचीं बोटें ओढून ठेवीत, हें तर पुण्याच्या वाड्यांतहि चाले. ज्या बाईच्या हातीं पाटी-पेन्सिल कोणीं दिली नाहीं तिनें बाटल्या, गांठी आणि चुना यांची लिपि केली. आणि तिलाच आमचे स्नेही लेखनाविरुद्ध साक्षीदार म्हणून उभी करितात! जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या त्यांचीच मनोवृत्ति आज आजीच्या कौतुकाचा अंगरखा घालून आली आहे कीं काय, अशी आम्हांस शंका येते. नसेल तर उत्तम.

आणि आजी विसरत नसे हें तरी पाहिलें कोणीं? ती विसरली तर पुढच्या बाजारापर्यंत घर त्या वस्तूवांचून चाले. हळद नाहीं तर नाहीं. फारच अडलें तर शेजारणीकडून वाटीभर उसनी. वाडी-वस्तीवर उसनवारीच्या ज्या वाट्या या दारांतून त्या दारांत फिरत, त्या सर्व विस्मरणाच्या नोंदी होत्या. आजीच्या पाठांतराच्या कथा पुढें आल्या, या वाट्यांच्या आल्या नाहींत.

शिवाय बाजारास जाई कोण? बहुधा पुरुष. आजी उंबऱ्यांत उभी राहून सांगे आणि आजोबा पागोटें सांवरीत ‘हूं’ म्हणत. संध्याकाळीं ते परतल्यावर जो संवाद होई तो केंदुरांत आम्हीं अजूनहि ऐकतों.

“अवो, हळद कुठंय?”

“हळद? तू कवा सांगितलीस?”

“उंबऱ्यातनं वरडून सांगितली की!”

“मग नीट ध्यानात आणून द्यायची हुती.”

तोंडी यादीचा हा थोर गुण आहे. ती फसली कीं दोष ऐकणाराकडे न जातां सांगणारीकडे येतो, कारण पुरावा उरलेला नसतो. सकाळीं कागद दिला असता तर संध्याकाळीं हळद कोणीं विसरली हें कागदानें सांगितलें असतें. यादीनें स्मरणशक्ति मेली, अशी हाकाटी पुरुषवर्गाकडूनच कां येते, याचा उलगडा वाचकांस आतां होऊं लागला असेल.

आमची भाषा या बाबतींत आमच्या विद्वानांपेक्षां शहाणी निघाली. ‘याद’ हा शब्द फारसी, आणि त्या भाषेंत त्याचा अर्थ स्मृति. मराठींत तो कारभाराच्या वाटेनें शिरला. पेशवाईच्या दप्तरांत ‘याद’ म्हणजे लिहून ठेविलेलें टिपण. स्मृतीसाठीं मराठीनें आपला ‘आठव’ राखून ठेविला आणि यादी कागदाच्या स्वाधीन केली. लग्नाच्या बैठकींत ‘याद्या’ करितात त्या कशासाठीं? उद्यां कोणी ‘आमचें असें बोलणें झालेंच नव्हतें’ म्हणूं नये यासाठीं. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणास दिला आहे, आणि अक्षराच्या वळणापासून पानाच्या कडेस सोडावयाच्या जागेपर्यंत बारीकसारीक सूचना केल्या आहेत. परमार्थाच्या ग्रंथांत ज्याला स्थान आहे त्याला तेल-मिठांत मज्जाव कां असावा?

पण आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. घरांत कोणी लिहीत नव्हतें, म्हणजे कोणीच लिहीत नव्हतें असें नव्हे. लिहिणारा एक होता आणि तो गल्ल्यामागें बसला होता. गांवचा वाणी हाच पुष्कळ ठिकाणीं सावकार. मीठ, तेल, कापड, बियाणें उधार न्यावयाचें आणि सुगीला फेडावयाचें. मधल्या साऱ्या महिन्यांची आठवण त्याच्या कीर्द-खतावणींत. तीच देवघेव कुणब्याच्या तोंडीं आणि वाण्याच्या कागदीं. दोहोंत तफावत पडली कीं मुनसफ कागद वाचणार. तोंड वाचण्याची सोय कोणत्याच कचेरींत नसते. शिवाय त्या कागदाखालीं कुणब्याचा अंगठा, आणि वर काय लिहिलें आहे हें त्याच अंगठ्याला ठाऊक नाहीं. प्रत्येक वाणी लबाड होता असें आम्ही म्हणत नाहीं. अडल्या वेळीं उधार घालून घरें जगविणारेहि त्यांत होते. पण प्रामाणिकांतला प्रामाणिक मनुष्य झाला तरी दोघांच्या व्यवहाराची वही त्याच्या एकट्याच्या हातीं असावी, हें त्याच्याहि हिताचें नाहीं.

याच शिरूर तालुक्यांत, केंदूरच्या पूर्वेस, करडे नांवाचें गांव आहे. तेथें १८७४ च्या डिसेंबरांत काळूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुख यांजवर दीडशें रुपयांच्या कर्जापायीं कोर्टाचा हुकूमनामा मिळविला आणि त्यांचें घर पाडण्यापर्यंत मजल गेली. गांव चिडलें. पण चिडून गांवानें केलें काय? लाठ्या काढल्या नाहींत. सावकारांच्या दुकानांतून सामान घेणें बंद केलें. त्यांचें शेत कोणी कसेना, न्हावी हजामत करीना, परीट धुणें नेईना. म्हणजे ज्याला आम्ही ‘दक्षिणेंतील दंगे’ म्हणून शिकवितों त्याचा पहिला अध्याय दंग्याचा नव्हे, वाणसामानाच्या बहिष्काराचा आहे. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें, म्हणजे त्या वेळच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यांत, ठिणगी पडली. तो दिवस बाजाराचा होता. जमलेल्या लोकांनीं सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. लुटालूट आणि जाळपोळ झाली हें खरें. परंतु मुख्य मागणी कागदांची होती. ज्यांनीं रोखे आणि वह्या निमूटपणें बाहेर काढून दिल्या त्यांच्या अंगाला बहुतेक ठिकाणीं धक्का लागला नाहीं. होळी झाली ती कागदांची. हें लोण पुणें आणि नगर जिल्ह्यांतील गांवोगांव पसरलें, लष्कर आणावें लागलें, चौकशीस कमिशन बसलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साह्यार्थ कायदा झाला.

बाजारास आलेल्या माणसांनीं बाजाराच्याच दिवशीं वह्या जाळल्या, याचा अर्थ आमचे स्मृतिपूजक काय लावतात? त्यांच्या हिशेबीं हीं माणसें तर आठवणीच्या सुवर्णयुगांत नांदत होतीं! ज्याला आपली आठवण पुरेशी वाटते तो दुसऱ्याची वही जाळावयास धांवत नाहीं. आणि जाळून तरी काय साधलें? त्याची वही गेली, पण आपली वही हातीं आली नाहीं. १८७९ च्या त्या कायद्याचें आम्हांस कौतुक वाटतें तें एवढ्यासाठीं कीं, त्यानें दुखण्यावर नेमकें बोट ठेविलें. फेडीची लेखी पावती, वर्षाच्या हिशेबाचा उतारा, आणि वेळोवेळीं नोंद होणारें पासबुक, एवढें मागण्याचा हक्क त्यानें कुळाला दिला. सावकाराच्या वहीची एक जुळी बहीण कुणब्याच्या कोनाड्यांत असावी, असा त्याचा सरळ अर्थ. हुद्देदारांच्या डोक्यांतून निघालेल्या कल्पनांत इतकी व्यवहारी कल्पना विरळा. मात्र ती मागावयाची कोणीं? ज्याला पासबुक उलटें धरलें कीं सुलटें हें कळत नाहीं, त्याला पासबुकाचा हक्क देणें म्हणजे आंधळ्याच्या हातीं आरसा देणें होय. तेथें अक्षरच हवें होतें, आणि अक्षर तर अजून वाड्यांतून वेशीपर्यंतहि आलेलें नव्हतें.

यादी घेणाराच्या हातीं आली म्हणजे काय होऊं शकतें, याचा दाखला मिळावयास शंभर वर्षें जावीं लागलीं. १९७२ सालच्या महागाईंत मुंबईच्या बायका मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारपणाखालीं लाटणीं घेऊन रस्त्यावर आल्या. त्या मोर्च्यांची आठवण अजून काढतात. पण त्याहून कमी गाजलेली एक गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं पुण्यांत ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि १९७५ च्या गुढीपाडव्यास मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची वितरणाची रीत पाहा. शेजारपाजारच्या कुटुंबांनीं मिळून एक संघ करावयाचा. प्रत्येक घरानें महिन्याचें मागणीपत्र आधींच भरून द्यावयाचें. सर्व संघांची मागणी एकत्र करून माल घाऊक घ्यावयाचा, तो सभासदांपैकीं कोणा एकाच्या घरीं उतरावयाचा, आणि सर्वांनीं मिळून वाटून घ्यावयाचा. यादी आधीं, माल मागाहून! बाजारांत हा क्रम उलटा असतो: तेथें माल समोर मांडलेला असतो आणि तो पाहून गरज सुचते. एका घरची यादी वाण्यानें हंसून बाजूस सारावी अशीच असते. हजारों घरच्या याद्या एकत्र झाल्या म्हणजे घाऊक व्यापाऱ्याला खुर्ची पुढें करावी लागते. या रीतींत जो जिन्नस लिहावयाचा राहिला तो महिनाभर राहिला, असा जाच कांहींजणांस वाटतो. वाटो बापडा. फळीपाशीं नीट उभें राहण्याची संवय त्या जाचानेंच लागते.

आतां नव्या वहीकडे वळूं. कारण आमच्या शोकाकुल मित्रांचा खरा रोख तिच्याकडे असावयास हवा होता आणि तो चुकून कागदाकडे वळला आहे. पुण्यांत आज मोबाईलवर बोट टेकलें कीं पंधरा मिनिटांच्या आंत कोथिंबिरीची जुडी दारांत येते. या सोयीला आम्ही नाकें मुरडणार नाहीं. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगांव येथल्या कारखान्यांत पाळीपाळीनें राबणाऱ्या माणसांस, किंवा जिना उतरूं न शकणाऱ्या म्हाताऱ्यांस बाजाराच्या मौजेचीं प्रवचनें ऐकविणें हा सुखवस्तूंचा उद्योग आहे. परंतु हें यंत्र माल पोंचवितें त्याबरोबर आणखी एक काम करितें. तें लिहितें. आपण काय घेतलें, कोणत्या तारखेस, किती वाजतां, कोणती वस्तु पाहून सोडून दिली, सगळें लिहितें. आणि पैसे चुकते करावयाच्या क्षणीं मोठ्या अदबीनें विचारतें, ‘कांहीं विसरलांत काय?’ असें विचारून चार वस्तु पुढें करितें. आजी फळीपाशीं उभी राहून स्वतःला हाच प्रश्न विचारीत असे. पण तिच्या प्रश्नाचें उत्तर डब्याच्या तळाशीं होतें. या यंत्राच्या प्रश्नाचें उत्तर त्याच्या गोदामांत असतें. आपल्या घरचा मोहरीचा डबा भरलेला आहे कीं रिता, हें त्याला दिसत नाहीं, आणि पाहण्याची त्याला गरजहि नाहीं. मोठाल्या दुकानांतून रोजचें तेल-पीठ मागल्या भिंतीशीं ठेवून वाटेवर मिठायांच्या राशी मांडतात, त्यांतलाच हा प्रकार. फक्त येथें ती वाट प्रत्येक गिऱ्हाइकाची चाल पाहून आंखलेली असते.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, नातीची आठवण बुडालेली नाहीं; ती पुन्हां गल्ल्यामागें जाऊन बसली आहे. १८७५ चें कुळ आणि आजचें गिऱ्हाईक यांच्या दैन्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे हें आम्ही जाणतों. येथें कोणाचें घर पाडलें जात नाहीं. पण बैठकीची मांडणी तीच आहे. एकाजवळ वही, दुसऱ्याजवळ ‘मला वाटतें मागच्या खेपेला घेतलें होतें’. २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यांत आपल्याविषयीं काय नोंदलें आहे त्याचा सारांश मागण्याचा हक्क लिहिलेला आहे. १८७९ च्या पासबुकाचा हा पणतूच म्हणावयाचा, आणि त्याचेंहि नशीब मागणाराच्या अक्षरावर अवलंबून आहे. शिधावाटपाच्या दुकानांत आतां यंत्रावर अंगठा टेकवून धान्य मिळतें. पदवीधरहि तेथें अंगठाच टेकवितो. यंत्रांतून निघणारी पावती घेऊन ती वाचणारे किती, एवढें वाचकांनीं आपल्या गांवच्या दुकानापाशीं एकदां उभें राहून पाहावें.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, यादीनें वाण्याशीं होणारें बोलणें खुंटलें, गांवचा जिव्हाळा आटला. हा आक्षेप घेणारांनीं वाण्याच्या ओट्यावर तासभर बसून पाहावें. जिव्हाळ्याच्या गप्पा यादी पुढ्यांत टाकून निवांत टेकलेल्या माणसांच्याच चालतात, ‘आणखी काय बरें होतें?’ म्हणून कपाळ चोळणाऱ्यास गप्पा सुचत नाहींत. दुसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे: मोबाईलवर लिहिलेली यादी तुम्हांस चालेल काय? चालेल, खडूनें दारामागें लिहिलेली चालेल, आणि त्या वृद्ध बाईची बाटल्यांची पिशवीहि चालेल. आमचा तंटा साधनाशीं नाहीं. ती यादी घरांतल्या माणसानें घरांतली फळी पाहून केलेली असावी आणि दुकानांत शिरण्यापूर्वीं पुरी झालेली असावी, एवढेंच आमचें मागणें आहे.

राहतां राहिला प्रश्न घरांतल्या माणसाचा. हें माणूस म्हणजे कोण, हें सांगावयास नकोच. बाजारास कोणीहि जावो, काय संपत आलें आहे हें ध्यानांत ठेवण्याचें काम बाईकडेच असतें. आणि हें काम दिसत नसल्यामुळें तें केल्याचें श्रेय नाहीं, चुकल्याचा ठपका मात्र आहे. ती लिहूं लागली तरी हें पुरतें पालटत नाहीं. यादी वाचणारा भेटतो, करणारा भेटत नाहीं. केंदुरांतल्या नव्या जोडप्यांत दोघेंहि कामावर जाणारीं आतां कांहीं आहेत, आणि त्यांच्याकडे नवरा कामावरून फोन करून ‘काय आणूं?’ विचारतो, याला मंडळी सुधारणा समजतात. ‘काय आणूं?’ हा प्रश्न म्हणजे काम वांटून घेणें नव्हे. तें पुन्हां तिच्याच डोक्यावर ठेवणें आहे. डबा हलवून पाहण्यास हात पुरुषालाहि आहेत.

मराठीच्या परीक्षेंत आमच्या मुलांस मागणीपत्र लिहावयास सांगतात. ज्या रोपवाटिकेचें नांव परीक्षकालाहि ठाऊक नाहीं तिच्याकडे मुलें शंभर रोपें मागवितात, सवलतीची विनंति करितात, आणि खालीं ‘आपला विश्वासू’ लिहून पांच गुण मिळवितात. तीच मुलें घरीं गेल्यावर आई तोंडानें सामान सांगते आणि तीं निम्में विसरून परत येतात. आमची सूचना अशी कीं, रोपवाटिकेस कांहीं वर्षें विश्रांति द्यावी आणि मुलांस आपल्या घरच्या पुढच्या आठवड्याच्या वाणसामानाची यादी, मापांसह, लिहावयास सांगावी. आदल्या दिवशीं घरांतले डबे उघडून पाहिल्यावांचून हें उत्तर लिहितां यावयाचें नाहीं. गाइडांतून तें मिळणार नाहीं आणि शेजारच्या बांकावरून उतरून घेतलें तर लागलीच पकडलें जाईल. आणि हा प्रश्न मुलग्यांस वैकल्पिक ठेवूं नये.